रूपे दोन, खेळणे एक

लहान मुलाच्या हाती नवे खेळणे द्यावे आणि त्याने ते प्रथम उलटसुलट करून, ओढून, वाकवून पाहावे, हा घरोघरचा अनुभव आहे. खेळणे दिसते कसे ह्यापेक्षा ते आतून आहे कसे, ह्याचे कुतूहल त्याला अधिक असते. बहुतेक खेळणी ह्या कुतूहलापुढे टिकत नाहीत. घटकाभरात चाक एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे पडते, मुलाला बोलणी बसतात आणि एका शोधाचा शेवट रडण्यात होतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत खेळण्यांचा एक प्रकार असा रूढ झाला आहे, की ज्यात मुलाच्या ह्या वृत्तीला मज्जाव नाही. किंबहुना तिच्यावाचून ते खेळणे पुरे होतच नाही. हा प्रकार म्हणजे रूप बदलणारा यंत्रमानव. त्याची मोटार होते, विमान होते. आणि त्यातील सर्वांत नवलाची जात म्हणजे ज्याचा पशू होतो ती.

समोर एक प्लॅस्टिकचा डायनासोर उभा आहे. जबडा उघडा, शेपटी जमिनीवर टेकलेली. मूल त्याची मान मागे दुमडते, शेपटी मधोमध दुभंगून खाली ओढते, मागचे पाय वर फिरवते आणि एक खटका दाबून आतले डोके बाहेर काढते. पाहता पाहता डायनासोर नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दोन पायांवर ताठ उभा राहिलेला यंत्रमानव दिसू लागतो. ह्या उलाढालीत बाहेरून काही आणलेले नाही, आतून काही टाकलेले नाही. होते तेच सारे आहे. केवळ मांडणी बदलली. आणि ही मांडणी बदलली ती कोणा जादूगाराने नव्हे, तर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बोटांनी.

रूपांतराची कल्पना माणसाला नवी नाही. मारीच सुवर्णमृग होऊन पंचवटीत येतो, खांबातून प्रकटणारा नृसिंह अर्धा नर आणि अर्धा सिंह असतो. ग्रीकांच्या कथांतून तर देव वाटेल तेव्हा हंस किंवा वृषभ होत असतात. परंतु ह्या सर्व कथांत रूप बदलते ते एका क्षणात, आणि ते कसे बदलले हे श्रोत्याने विचारावयाचे नसते. खेळण्याचे तसे नाही. येथे ‘कसे’ हाच प्रश्न मुख्य आहे. पशूची शेपटी ही यंत्रमानवाचे पाय कशी होते, हे मुलाने स्वतः शोधून काढावयाचे आणि मग तोच मार्ग उलट चालून पुन्हा पशूपर्यंत पोहोचावयाचे. कथेतला चमत्कार येथे बिजागऱ्या, पेच आणि खटके ह्यांच्या ओळीत बसवलेला असतो.

ह्या खेळण्याच्या जन्माची हकीकत एखाद्या प्रवासवर्णनाइतकी वळणावळणाची आहे. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो ह्या कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा सुमारे एक फूट उंचीचा सैनिक बाजारात आणला. वस्तुतः तो सांध्यांतून वाकणारा व कपडे बदलता येणारा बाहुलाच होता. परंतु बाहुली म्हटली तर मुलगे तिला हात लावणार नाहीत अशी धास्ती असल्यामुळे त्याला ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव देण्यात आले. हाच सैनिक पुढे ताकारा कंपनीच्या हाती जपानात गेला आणि तेथे त्याचे पारदर्शक शरीराचा, आतली यंत्रे दाखवणारा ‘हेनशिन सायबोर्ग’ असे रूप झाले. ते साल १९७२. हेनशिन ह्या जपानी शब्दाचा अर्थच मुळी रूपांतर. दोन वर्षांनी, १९७४ साली, हा पुतळा आकसून वीतभराहूनही लहान झाला व ‘मायक्रोमॅन’ ह्या नावाने विकला जाऊ लागला. १९८० साली ‘डायाक्लोन’ ही मालिका निघाली. तीत माणूस उरला तो बोटाच्या पेराएवढा; मोठे झाले ते त्याने चालवावयाचे यंत्र, आणि हे यंत्र रूप पालटू लागले.

१९८३ साली टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ही यंत्रे हॅस्ब्रोच्या माणसांच्या दृष्टीस पडली. त्यांनी मायक्रोमॅन व डायाक्लोन ह्या दोन्ही मालिकांतील निवडक नमुने घेतले आणि १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ह्या एका नावाखाली अमेरिकेत विकावयास काढले. जपानकडे निघालेला सैनिक असा यंत्रमानव होऊन आपल्या जन्मदात्या कंपनीच्या घरी परत आला. त्याला स्वतःला रूपांतराचा अनुभव पुरेसा मिळालेला होता.

ह्या पहिल्या मेळ्यात बहुसंख्य होत्या त्या मोटारी आणि विमाने. ते स्वाभाविकही होते. मोटार ही मुळातच पत्र्याची पेटी. तिचे दार, छत, टप हे भाग एकमेकांपासून वेगळेच असतात. त्यांच्या शिवणीवरून ती उलगडली तर पाहणाऱ्याला खटकत नाही. पशूच्या शरीराला अशी शिवण नसते. त्याची मान खांद्यात आणि खांदा पाठीत कोठे मिळतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून पशूचे खेळणे उलगडावयाचे तर रचनाकाराला प्रथम त्या शरीरात शिवणी कल्पाव्या लागतात, आणि त्या अशा बेताने, की मिटल्यावर सिंह सिंहच दिसावा आणि उघडल्यावर त्याच्यात सिंह होता हे पटावे. १९८४च्या संचातच ‘रॅव्हेज’ नावाचा एक जग्वार होता. तो मिटला की त्याची ध्वनिमुद्रणाची कॅसेट होत असे. चार पाय, शेपटी आणि डोके असलेले जनावर एका चपट्या चौकोनात बसवणे ही सामान्य कारागिरी नव्हे.

१९८५ साली ‘डायनोबॉट्स’ ह्या नावाचे पाच प्राणी अमेरिकेच्या दुकानांत आले: टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, ब्राँटोसॉरस, स्टेगोसॉरस आणि उडणारा टेरानोडॉन. ह्यांतला शेवटचा प्राणिशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने डायनासोर नव्हे. परंतु मुलांच्या राज्यात असल्या हरकती टिकत नाहीत. हे पाचही मूळचे डायाक्लोनचे. जपानी कल्पनेत ते माणसाने चालवावयाचे वाहन होते. अमेरिकी कथेत ते स्वतःच जिवंत, विचार करणारे झाले. चालक गेला, पण त्याच्या बसण्याची जागा साच्यातच कोरलेली असल्यामुळे ती राहिली. त्या काळच्या डायनोबॉटच्या अंगावरचे झाकण उघडून आत लहानशी रिकामी बैठक पाहणाऱ्या कितीतरी मुलांना, येथे कोण बसत असेल, असा प्रश्न पडला असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डायनोबॉटांचा नायक ग्रिमलॉक हा टायरॅनोसॉरस ताठ उभा असतो आणि त्याची शेपटी जमिनीवर टेकलेली असते. जुन्या वस्तुसंग्रहालयांतून ह्या प्राण्याचे सांगाडे असेच उभे केलेले असत. पुढे शास्त्रज्ञांचे मत बदलले. पाठ जमिनीला समांतर आणि शेपटी तोल सावरण्यासाठी मागे उचललेली, असे त्याचे चित्र सर्वमान्य झाले. ह्या अर्थाने ते खेळणे म्हणजे एका मागे पडलेल्या शास्त्रीय समजुतीचा ठसाच आहे. तरीही मुलाच्या दृष्टीने त्या ताठपणात सोय होती. कारण जो पशू आधीच माणसासारखा उभा आहे, त्याला माणसाच्या आकाराकडे जावयाला थोडेच अंतर चालावे लागते.

ह्या यंत्रांना नावे आणि स्वभाव मिळाले ते अमेरिकेत. मार्व्हल ह्या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेतील बॉब बुडियान्स्की ह्यांनी बहुतेक पात्रांची नावे व अल्पचरित्रे लिहिली. खेळण्याच्या खोक्यावर त्या पात्राचे बळ, बुद्धी, वेग, सहनशक्ती, हुद्दा, धैर्य, मारकशक्ती आणि कौशल्य अशा आठ गुणांचा आलेख छापलेला असे व सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतून पाहिल्याशिवाय तो वाचता येत नसे. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालाची आठवण व्हावी अशीच ही योजना. फरक इतकाच, की येथे अहवाल वाचण्याचा अधिकार सात वर्षांच्या मुलाला होता.

येथपर्यंतची हकीकत कौतुकाची झाली. परंतु ह्या खेळण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८४ साली अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेचे निर्बंध उठवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ट्रान्सफॉर्मर्सची चलच्चित्र-मालिका सुरू झाली. दुकानात जे खेळणे, तेच पडद्यावरचे पात्र. कथा कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे मुलाला कळण्याचा मार्गच उरला नाही. पालकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९९० साली कायदा होऊन मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना पुन्हा मर्यादा पडली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे, इतर दिवशी बारा. खेळण्यांवर रचलेल्या कथा मात्र बंद झाल्या नाहीत. सुवर्णमृग पाहून सीतेसारख्या विवेकी स्त्रीला मोह पडला, तेथे लहान मुलाची काय कथा?

मुलाने खेळताना स्वतःची गोष्ट रचावी, ही खेळण्याकडून असलेली सनातन अपेक्षा. गोष्टही खेळण्यासोबतच विकत मिळू लागली तर मुलाच्या वाट्याला काय उरले, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर काही अंशी १९८६ साली मिळाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ह्या पात्रांचा चित्रपट आला. जुनी खेळणी मागे सारून नवी पुढे आणावयाची होती. म्हणून जुना नायक ऑप्टिमस प्राइम ह्याला चित्रपटाच्या पूर्वार्धातच मारून टाकण्यात आले. व्यापाराच्या वहीत ही एका मालाची नोंद बंद करण्यासारखी गोष्ट होती. चित्रपटगृहांत मुले रडू लागली, कंपनीकडे तक्रारी आल्या, आणि १९८७ साली दूरचित्रवाणीवरील मालिकेत ऑप्टिमस प्राइमला पुन्हा जिवंत करावे लागले. विकणाऱ्याने ज्याला माल मानले त्याला घेणाऱ्याने सोबती मानले होते. ज्या वस्तूचे सांधे आपण शेकडो वेळा आपल्या हातांनी फिरवले, ती केवळ दुकानदाराची राहत नाही, हे त्या रडण्याचे तात्पर्य होते.

तथापि कोणत्याही खेळण्याला उतरता काळ येतोच. १९९०च्या सुमारास अमेरिकेत ही मालिका थांबली. १९९३ साली तिला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न झाला; तोही फारसा फळला नाही. तेव्हा मोटारी व विमाने बाजूस ठेवून सर्वच यंत्रमानवांना पशूंची रूपे देण्याचा धाडसी बेत करण्यात आला. १९९६ साली हॅस्ब्रोच्याच मालकीच्या केनर कंपनीच्या नावाने ‘बीस्ट वॉर्स’ ही मालिका निघाली. नायक गोरिला, प्रतिनायक टायरॅनोसॉरस, आणि त्यांच्या भोवती चित्ता, गेंडा, उंदीर, कोळी असा गोतावळा. जुन्या रसिकांना हे रुचले नाही. आपला नायक ट्रक होता, माकड नव्हे, अशी त्यांची कुरकुर बरीच दिवस चालू होती. गोरिला हा माकड नसून वानरकुलातला वेगळा प्राणी आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते तरी राग निवळला नसता.

परंतु रचनेच्या दृष्टीने ही खेळणी जुन्यांच्या पुढे गेलेली होती. त्यांत उखळीच्या सांध्यांचा मुबलक उपयोग केलेला होता. आपल्या खांद्यात व मांडीच्या वरच्या टोकाशी असतो तसलाच हा सांधा: एका वाटीत एक गोळा. जुनी खेळणी बिजागरीवर एकाच दिशेने हलत. ही चारी बाजूंनी वळू लागली, आणि पशू झाल्यावरही ती दबा धरू शकत, मान वळवू शकत. गोरिलाच्या बाबतीत त्याचे हात तेच यंत्रमानवाचे हात आणि पाय तेच पाय. उलट टायरॅनोसॉरस उलगडला की त्याचे दात विचकलेले डोके प्रतिनायकाच्या उजव्या हाताच्या जागी येते. नायकात पशू आणि मानव एकमेकांत मिसळून गेलेले, प्रतिनायकाच्या हातात मात्र पशूचा जबडा उघडाच राहिलेला. रचनाकारांच्या मनात असा अर्थ असो वा नसो, पाहणाऱ्या मुलाला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

ह्या खेळण्यांवरची दूरचित्रवाणी-मालिका कॅनडातील व्हँकूवर येथील मेनफ्रेम ह्या संस्थेने संगणकाच्या साह्याने तयार केली. १९९६ ते १९९९ ह्या काळात तिचे ५२ भाग झाले. संगणकावर प्रत्येक पात्राची प्रतिमा घडवणे त्या वेळी फार खर्चाचे होते. म्हणून पात्रे थोडी ठेवावी लागली. ह्या काटकसरीचा लाभ कथेला झाला. थोडी पात्रे म्हणजे प्रत्येकाला स्वभाव देण्यास अवकाश. त्यांत ‘डायनोबॉट’ ह्याच नावाचा एक योद्धा होता, जुन्या पाचांहून निराळा. त्याचे पशुरूप व्हेलॉसिरॅप्टरचे. खेळण्यात ह्या पशूची शेपटी यंत्रमानवाच्या हाती फिरते शस्त्र होऊन येते.

हा योद्धा आरंभी शत्रुपक्षाचा असतो. तो नायकाच्या पक्षाला येऊन मिळतो. मध्यंतरी डळमळतो, आपल्या सोबत्यांचा विश्वास गमावतो. कथा घडते ती प्रागैतिहासिक काळातील पृथ्वीवर. माणसाचे आदिपूर्वज नष्ट करून पुढचा सारा इतिहास बदलावा, असा प्रतिनायकाचा डाव असतो. तो उधळून लावण्यासाठी डायनोबॉट एकटा उभा राहतो आणि त्यात प्राण देतो. हा भाग १९९८ साली दाखवण्यात आला. त्याची शस्त्रे निकामी झाल्यावर काठी आणि दगड एकत्र करून त्याने केलेले ओबडधोबड हत्यार शेवटी एक आदिमानव उचलून घेतो. खेळणी खपवण्यासाठी रचलेल्या कथेत इतका गंभीर प्रसंग येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ज्याचे शरीर बदलते त्याचे मन बदलू शकते काय, हा प्रश्न येथे प्रथमच नीट विचारला गेला. शरीर बदलण्याचे काम सांधे करतात. मन बदलण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे असते, एवढे त्या कथेने मुलांना सांगितले.

पशुरूपाच्या खेळण्यांना दीर्घायुष्य लाभले ह्याचे आणखी एक कारण आहे. यंत्राचे रूप लवकर जुने होते. १९८४ साली प्रत्येक घरात ओळखीची असलेली कॅसेट आज कित्येक मुलांनी हातात धरलेली नाही. त्या वेळच्या मोटारींचे घाट रस्त्यांवरून गेले आहेत. जग्वार मात्र जग्वारच आहे. कॅसेट काय होती हे समजावून सांगावे लागते. तिच्यातून निघणारे जनावर समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच २०२३ साली निघालेल्या चित्रपटात गोरिला, गेंडा आणि चित्ता ही १९९६ची मंडळी पुन्हा आली, तेव्हा नव्या मुलांना ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. ताकारा कंपनी २००६ साली टोमी ह्या दुसऱ्या जपानी कंपनीत मिळून गेली. तिचेही एक प्रकारे रूपांतरच झाले. २०२४ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संग्रहालयाने आपल्या राष्ट्रीय खेळण्यांच्या मानमालिकेत ट्रान्सफॉर्मर्सना स्थान दिले.

संग्रहालयाचा उल्लेख आला म्हणून एक शेवटची गोष्ट. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या दशकात ह्यांपैकी काही खेळण्यांसाठी सोनेरी चकाकीचे प्लॅस्टिक वापरण्यात आले. त्या चकाकीसाठी मिसळलेल्या द्रव्यांमुळे ते प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होते आणि नुसता सांधा फिरवताच त्याचा चुरा होतो. संग्राहकांना ह्याचे मोठे दुःख असते. कारण ज्याने खोके कधी उघडलेच नाही, त्याच्याही खेळण्याची ह्यातून सुटका नाही. पंचवीस वर्षे जपून ठेवलेला ऐवज पहिल्याच स्पर्शाने हातात भुगा होऊन यावा, ही व्यथा थट्टेवारी नेण्याजोगी नाही. परंतु तिच्यात एक शिकवणही आहे. ज्या मुलाने ते खेळणे पहिल्याच दिवशी उघडले, शेकडो वेळा पशूचा मानव आणि मानवाचा पशू केला, आणि अखेर एके दिवशी एक पाय निखळलेला पाहून तो दोऱ्याने बांधून ठेवला, त्याचे काही बुडाले नाही. त्याला ते खेळणे पुरेपूर मिळाले होते.

कारण पशू हे ह्या खेळण्याचे एक टोक, यंत्रमानव हे दुसरे. दुकानात मिळतात ती ही दोन टोके. त्यांच्या मधला प्रवास मात्र खोक्यात भरून विकता येत नाही. तो मुलाने स्वतःच्या बोटांनी करावयाचा असतो: चुकत, अडत, एखादा भाग उलटा बसवून पुन्हा सोडवत. सूचनांचा कागद हरवला तरी काही दिवसांनी ती वाट बोटांना पाठ होते. मग मूल बोलता बोलता, खिडकीबाहेर पाहता पाहता, हातातल्या डायनासोराचा मानव करते आणि त्याचे त्यालाही कळत नाही.